मधला आकडा

शेंदूरजनाघाटच्या भगवंत माळ्याला आपण कधी चुकू असं वाटतच नसे. यात त्याचा एकट्याचा दोष होता असंही नाही. साऱ्या गावानेच त्याला चढवून ठेवलं होतं.

त्याचं असं आहे, आमच्याकडे संत्र्याची बाग उभीच विकतात. फळ अजून हिरवं असतं, झाडावर असतं, आणि व्यापारी येऊन म्हणतो, बोला. आता झाडावरची फळं मोजणार कोण? बागवाला छातीवर हात ठेवून सांगतो, दोन लाख आहेत, एक कमी निघालं तर जोडा मारा. व्यापारी कपाळावर हात मारून घेतो आणि म्हणतो, लाखभर निघाले तरी मारुतीला नारळ फोडीन. दोघंही तोंडाने गोड आणि दोघंही पक्के लबाड! मग निरोप जायचा भगवंताला.

भगवंत यायचा. बागेच्या मधोमध उभा राहायचा, दोघांचं निमूट ऐकून घ्यायचा. मग शिडी लावून एक झाड, फक्त एकच, हाताने मोजायचा आणि आकडा सांगायचा. तो आकडा हटकून दोघांच्या मधोमध पडायचा. तोडणी झाली की फळं तेवढीच निघायची, शे-दोनशे इकडे नाहीतर तिकडे. असं दहा वर्षं झालं, वीस वर्षं झालं. पुढे त्याने शिडी लावणं सोडून दिलं. गुडघे दुखायचे, आणि मोजून तरी काय, आकडा मधलाच यायचा ना! "बागवाला वाढवते, व्यापारी घटवते, खरं बिचारं मधात बसून राह्यते," असं तो सांगायचा आणि पानाला चुना लावायचा. वरुडपासून चांदूर बाजारपर्यंत त्याच्या शब्दावर बागा विकल्या जायच्या. त्याची स्वतःची साठ झाडं होती, थोडा भाजीपाला आणि मोगऱ्याचा एक तुकडा. बायको मनकर्णाबाई भाजी आणि वेण्या घेऊन बाजारात बसायची. एक मुलगा, सूर्यभान. एवढाच संसार.

लढाई सुरू झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी खुशालरावांनी अमरावतीहून रेडिओ आणला. खुशालराव म्हणजे गावातले मोठे कापूसवाले शेतकरी, काळ्याभोर जमिनीचे धनी. रेडिओ चालायचा मोटारीच्या बॅटरीवर. दारच्या कडुनिंबाला तार बांधली, सरकारचं लायसन भिंतीला टांगलं, आणि दिवेलागणीला अर्धं गाव त्यांच्या ओट्यावर गोळा व्हायला लागलं. बॅटरी उतरली की ती संत्र्याच्या लॉरीवर चढून अमरावतीला भरायला जायची. तिथून परत यायला चार दिवस. त्या चार दिवसांत शेंदूरजनाघाटपुरती लढाई बंद असायची.

दिल्ली लागायची, लंडन लागायचं. बर्लिन लागायचं आणि टोकियोही लागायचं. सगळे हिंदुस्थानीत बोलायचे, आणि वऱ्हाडातल्या माणसाला ती बोली काय परकी नव्हे. शत्रूची स्टेशनं चारचौघांत ऐकायला सरकारची मनाई होती. म्हणून खुशालराव ती लावताना आवाज बारीक करायचे आणि हवालदार येतो का ते पाहायला सांगायचे. हवालदार यायचाच. येऊन ओट्यावर जागा धरून बसायचा आणि म्हणायचा, "जरा मोठ्यानं लावा न जी."

भगवंताचा पहिले काही दिवस नुसता गोंधळ उडाला. लंडनवर आधी एकजण बातम्या द्यायचा. त्या झाल्या की दुसरा एक गृहस्थ यायचा आणि झालेल्या बातम्यांचा अर्थ समजावून सांगायचा.

"आताच त एकानं सांगतलं न बाप्पा!" भगवंत म्हणाला. "मंग हा काऊन पुन्हा सांगून राह्यला? पहिल्याचं खोटं होतं काय?"

"खोटं नाही रे," खुशालराव म्हणाले. "हा त्याचा अर्थ सांगते."

"म्हंजे पहिल्याच्या बोलण्याले अर्थ नव्हता."

ओटा हसला, पण भगवंत हसला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. लंडन म्हणायचं आज शत्रूची तीस विमानं पाडली आणि आमची दहाच गेली. बर्लिन म्हणायचं इंग्रजांची तीस पडली आणि आमची दहा. विमानं तीच, आभाळ तेच, दिवस तोच. सगळे शहाण्यासारखे ऐकत बसायचे आणि आपापल्या मनाला येईल ते धरून घरी जायचे. एक दिवस मात्र भगवंताने मांडीवर थाप मारली. अरे, हे दोघं तर ओळखीचेच! एक बागवाला, एक व्यापारी. एक वाढवतो, दुसरा घटवतो.

"इसाची पडली," तो म्हणाला. "दोन्हीकडची इस-इस."

"काऊन?"

"मधात."

झालं! तेव्हापासून गावाला रेडिओची बातमी भगवंताच्या तोंडून लागायची. सकाळी भाजीबाजारात मनकर्णाबाईच्या पालाशी लोक यायचे, मेथीची जुडी उचलायचे आणि विचारायचे, काल किती बुडाली जहाजं? भगवंत सांगायचा. लंडनने दोन सांगितली होती, बर्लिनने दहा, तेव्हा सहा. कुणाला शंका यायची नाही. मधला आकडा ऐकला की माणसाचा जीव कसा थंड होतो! फार वाईट नाही, फार चांगलंही नाही. मेथी घेऊन घरी जायला बरं.

सूर्यभान संत्र्याच्या लॉरीवर आधी क्लीनर होता, मग चालवायला शिकला. एक्केचाळीस साली सैन्यात मोटार हाकणारे पाहिजेत म्हणून हाकाटी झाली आणि हा कुणाला न विचारता अमरावतीला जाऊन नाव देऊन आला. मनकर्णाबाई दोन दिवस जेवली नाही. मग तिनेच तोड काढली की जाण्याआधी लग्न करून टाकू, म्हणजे ओढीने परत येईल. चांदूर बाजारच्या गोवर्धन माळ्याची मुलगी जमुना सून म्हणून घरात आली. सोळा-सतरा वर्षांची, हाताची चपळ. दुसरीची एक वेणी होईतो हिच्या तीन व्हायच्या. चाळीस दिवस नवराबायको एका घरात राहिले आणि एकेचाळिसाव्या दिवशी सूर्यभान लॉरीच्या टपावर बसून गेला.

त्याचं एक पत्र आलं, मलायातून. लिहिलं होतं, इथे रबराच्या झाडांच्या बागा आहेत, खोडाला चीर दिली की दूध गळतं, बाबांना दाखवायला पाहिजे होतं. भगवंताने ते पत्र खुशालरावांकडून चार वेळा वाचून घेतलं. अशा बागेचा अंदाज कसा काढत असतील, हा विचार त्याच्या डोक्यात कितीतरी दिवस होता.

आणि मग सिंगापूर पडलं. लंडन म्हणालं पडलं, टोकियोही म्हणालं पडलं. भगवंत गडबडूनच गेला. वर्षा-दीड वर्षात दोघं पहिल्यांदाच एक बोलले होते. दोघांनी एकच आकडा सांगितला की मधला काढायचा कुठून?

"खुशालराव, दुसरं स्टेशन लावा न," तो म्हणाला.

"कोनतं लावू? सारेच म्हनून राह्यले."

"तरी लावा."

पाच महिन्यांनी सरकारचं पत्र आलं, इंग्रजीत. ते खुशालरावांनी आधी मनात वाचलं, मग चष्मा काढून पुसला, मग पुन्हा वाचलं. भगवंत समोर उभा होता, अंगणात मनकर्णाबाई आणि तिच्यामागे जमुना.

"मेला असं नाही लिहिलं," खुशालराव म्हणाले.

"मंग जित्ता हाय?"

"असंही नाही लिहिलं. बेपत्ता म्हनतात. सापडत नाही."

तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी भगवंताला हायसं वाटलं. खुद्द सरकारने मधला आकडा दिला होता! तीन-चार दिवस तो त्याच आधारावर हिंडला. पाचव्या दिवशी मोगऱ्याला पाणी देताना त्याच्या हातून दोर सुटला. जहाजं सहा बुडू शकतात, विमानं वीस पडू शकतात. पण मेलेला आणि जिवंत यांच्या मध्ये माणूस राहतो कुठे? तो तिथेच बांधावर बसला. मोट उलटी येऊन पाणी रस्त्यात गेलं आणि बैल आपले उभे राहिले.

पुढच्या वर्षी पूर्वेकडच्या एका स्टेशनावरून कैद्यांचे निरोप यायला लागले. गाव, जिल्हा आणि नाव. लोक श्वास धरून ऐकायचे. आणि एका संध्याकाळी, वीसेक माणसं ओट्यावर असताना, पेटीतून स्वच्छ आवाज आला: सूर्यभान भगवंत, मोटार ड्रायव्हर, शेंदूरजनाघाट, जिल्हा अमरावती, खुशाल आहे, घरच्यांनी काळजी करू नये.

अहो, काय गलका झाला! हवालदाराने भगवंताला मिठी मारली. कुणीतरी धावत जाऊन मनकर्णाबाईला सांगितलं तर ती पिठाच्या हातांनीच आली आणि पेटीच्या पाया पडली. जमुना मात्र कडुनिंबाखाली उभी राहिली. तिने पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "त्यायचा आवाज होता का? ते सोता बोलले का?" नाही, आवाज दुसऱ्या कुणाचा होता. यादी वाचत होता तो.

दुसऱ्याच दिवशी लंडनवर तो अर्थ सांगणारा गृहस्थ आला आणि म्हणाला, शत्रू कैद्यांची नावं वाचून तुम्हाला आपल्या स्टेशनाकडे ओढतो आहे, यातलं फार थोडं खरं माना. भगवंताने ओट्याच्या कडेला डोकं टेकलं. काल एक म्हणाला खुशाल, आज दुसरा म्हणतो विश्वास नको, आणि देवघरातलं सरकारचं पत्र म्हणतं, सापडत नाही. बागवाला कोण, व्यापारी कोण? कोण वाढवून राहिला आणि कोण घटवून? त्याच्या डोक्याचा नुसता भुगा झाला.

चव्वेचाळीसच्या माघात व्याही आला. गोवर्धन एकटा आला नाही, जातीतली दोन वडीलधारी माणसं घेऊन आला. चहा झाला, पीकपाण्याचं झालं, आणि मग तो म्हणाला, "इवाई, मी भांडाले नाही आलो. पोरीचं वय पाहा. अकोल्याकडून एक जागा सांगून आली. माणूस चांगला हाय, भाजीचा मळा हाय. पाट लावून देऊ म्हनतो."

आम्हा माळ्यांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात कमीपणा नाही. पण त्याला एक अट आहे. नवरा मेला, ही मोकळी आहे, असं सासरच्या कर्त्या माणसाने चार लोकांपुढे आपल्या तोंडाने सांगावं लागतं. ते शब्द निघाल्याशिवाय कुणी पाटाला उभं राहत नाही.

"तुमी रोज लंडन ऐकता, टोकियो ऐकता," त्यांतला एक म्हातारा म्हणाला. "साऱ्या तालुक्यानं तुमच्या आकड्यावर बागा इकल्या. तुमी म्हनसान ते आमाले कबूल. बोला भगवंतभाऊ, काय अंदाज हाय?"

सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. अगदी बागेत पाहतात तसे. आतल्या दाराआड बांगडी वाजली, म्हणजे जमुना उभी होती. मनकर्णाबाईने पदर तोंडात धरला होता. भगवंताला म्हणायचं होतं, मला माहीत नाही. एवढे तीनच शब्द. पण गेल्या तीस वर्षांत ते त्याने कधी उच्चारले नव्हते. जीभ वळेचना, आणि तोंड आपल्या सवयीने उघडलं.

"जित्ता हाय," तो म्हणाला. "पन बिमार हाय."

पाहा म्हणजे झालं! एक स्टेशन म्हणालं खुशाल, दुसरं म्हणालं मानू नका, तर याने मधला आकडा काढला आणि मुलाला आजारी पाडलं! म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. गोवर्धनने डोळे पुसले, मुलीला हाक मारून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आल्या वाटेने गेला.

पण आजार काही त्यांच्याबरोबर गेला नाही. तो घरातच राहिला. मनकर्णाबाईने त्याच दिवशी विचारलं, "काय झालं जी त्याले? ताप हाय का खोकला?"

"ताप," भगवंत म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून म्हणाला, "उतरता हाय."

तिने सुंठ आणि ओवा यांची पुडी बांधून फळीवर ठेवली, आला की लगेच काढा द्यायला. सोमवार धरले. जमुनाच्या मागे तर ती हात धुऊन लागली. नवरा तापाने फणफणला असताना तू हसतेस कशी, नवरा बिमार असताना डोक्यात फूल कसं घालवतं तुला! जमुना दिवसभर मोगऱ्याच्या वेण्या करायची, साऱ्या गावच्या लेकीसुना त्या माळायच्या, आणि हिच्या केसांत एक कळी नाही. भगवंत ते पाहायचा. आपण सांगितलेला ताप खोटा आहे हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि गंमत अशी की वर्षभराने त्याचं त्यालाही तो थोडा थोडा खरा वाटायला लागला. बाजारात कुणी विचारलं तर सांगायचा, आता बराच आराम आहे म्हणतात. कोण म्हणतात ते कुणी विचारलं नाही.

लढाई संपली. लंडन म्हणालं संपली, टोकियोही म्हणालं संपली, आणि या वेळी भगवंताने दुसरं स्टेशन लावायला सांगितलं नाही. माणसं परत यायला लागली. चांदूर बाजारचे दोघं आले, मोर्शीचा एक आला. सूर्यभान आला नाही. सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात कळलं की त्याच्याच लॉरीच्या तुकडीतला ओमप्रकाश नावाचा एक ड्रायव्हर अकोल्याला घरी पोचला आहे. भगवंत अमरावतीच्या मोटारीत बसला, बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला उतरला.

ओमप्रकाश खाटेवर होता, हाडांचा सापळा. पण बोलायला साफ.

"ते निरोप मीच लिहून देल्ले काकाजी," तो म्हणाला. "आमाले जपानी लोक म्हने, तुमच्या तुकडीची नावं द्या, घरी कळवू. मी साऱ्यायचीच देल्ली. कोन जित्ता, कोन नाही, कोन कोठी, मले काय माईत? कोनाचं नाव गाळू? म्हनलं, घरी ऐकतीन त बरं वाटन."

"तू सुऱ्याले आखरी कधी पाह्यलं?"

"सिंगापूर पडाच्या आधी दोन दिवस. लॉरी घेऊन गोदीकडे गेलता. तिकडे लई बॉम्ब पडून राह्यले होते. मंग नाही दिसला."

"तवा बिमार होता का?"

ओमप्रकाशला प्रश्न कळला नाही. "नाही जी. चांगला ठणठणीत होता."

भगवंत हसला. हसता हसता त्याच्या घशातून काहीतरी भलतंच निघालं आणि ओमप्रकाशची आई पाणी घेऊन धावली. पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "तुले काय वाट्टे? तुयाच अंदाज सांग."

"अंदाज नका इचारू काकाजी," ओमप्रकाश म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

घरी येऊन भगवंताने जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. पहिल्यांदाच काही मधलं काढलं नाही. ताप आपण मनाने सांगितला होता, हेही सांगितलं. मनकर्णाबाईने फळीवरच्या पुडीकडे पाहिलं. जमुना टोपलीतल्या कळ्या निवडत होती, तिचे हात थांबले.

"म्हंजे त्या दिवशी तुमाले काहीच माईत नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मंग माईत नाही असं काऊन नाही म्हनलं?"

"लोकं इचारून राह्यले होते माय. दोन्हीकडचं आयकून मी आपलं मधलं—"

"मधलं नव्हतं ते!" ती ताडकन उठली. पाच वर्षांत या पोरीचा आवाज सासऱ्यापुढे चढला नव्हता. "मामाजी, तुमीच त सांगत होते न, बागवाला नेहमी जास्त सांगते. मंग बाग कोनाची होती? तुमचीच होती न! तुमी तिसरे कधी झाले? माझ्या कपायावर कुंकू होतं तोवर तुमचा पोरगा जित्ता होता. तुमचं भागलं. मी चाळीस दिवस पाह्यलं त्यायले, मामाजी. चेहरा आठवत नाही मले आता. तुमी साऱ्या दुनियेचे रेडिओ आयकले, मले एकदा इचारलं का?"

ती रडत मागच्या दारी गेली. भगवंताच्या कानात लंडन नाही, बर्लिन नाही, एकच वाक्य घुमत राहिलं. बाग कोणाची होती? तीस वर्षं तो दुसऱ्यांच्या बागांत उभा राहून बागवाल्यांच्या लबाडीवर हसला होता. स्वतःच्या बागेत उभा राहिला आणि त्याला ते कळलंदेखील नाही. लाज वाटली त्याला, इतकी की मान वर होईना. आणि तरीही, खरं सांगायचं तर, सूर्यभान मेला असं त्याच्या मनाला अजून पटत नव्हतं. गोदीत गेला, दिसला नाही. एवढंच. न दिसणारी माणसं काय सगळीच मेलेली असतात?

चार दिवस तो मळ्यातून हलला नाही. खुशालरावांकडेही गेला नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्याने अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला आणि जमुनाला म्हणाला, "तुयं लुगडं-चोळी बांध. तुया बापाकडे चाललो."

चांदूर बाजारला गोवर्धनच्या अंगणात तेच दोघं म्हातारे आले, आणखी चार जण आले. अकोल्याकडचा तो भाजीमळेवाला केव्हाच दुसरीकडे लग्न करून बसला होता. आता गावातलाच एक फुलवाला, बायको वारलेला, विचारत होता. जमुना खांबाशी बसली होती. ती नको म्हणाली नाही.

"बोला भगवंतभाऊ," म्हातारा म्हणाला. "काय खबर हाय पोराची?"

भगवंत उभा राहिला. त्याच्या डोक्यात सगळी स्टेशनं एकदम लागली होती. एक म्हणत होतं खुशाल आहे, एक म्हणत होतं सापडत नाही, एक म्हणत होतं ठणठणीत होता जी. त्याला काही माहीत नव्हतं. चव्वेचाळीस साली नव्हतं तेवढंच आजही नव्हतं. त्याने खांबाशी बसलेल्या पोरीकडे पाहिलं.

"मेला," तो म्हणाला.

"पक्कं?"

"पक्कं. माझा सूर्यभान मेला. ही पोरगी मोकळी हाय."

गोवर्धनने त्याला हाताला धरून खाली बसवलं. जमुना उठून आली, त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि कितीतरी वेळ उठली नाही.

तो एकटाच परत आला. मनकर्णाबाई ओसरीत बसली होती. दिवे लागले होते, तिकडे खुशालरावांच्या ओट्यावर पेटी बोलत होती.

"तुमी त्याले मेला म्हनलं?"

"हो."

"चार लोकांत?"

"हो."

"तुमाले माईत हाय का तो मेला म्हनून?"

"नाही," भगवंत म्हणाला. "मले माईत नाही."

तिने दिव्याची वात पुढे सारली. मग म्हणाली, "अन् आला त?"

"आला त मी त्याच्या पाया पडीन."

पुढच्या बाजाराला मनकर्णाबाईने फळीवरची सुंठ-ओव्याची पुडी सोडून पाहिली. सुंठेला कीड लागली होती. तिने ती झाडून टाकली, वाण्याकडून नवी आणली, पुडी बांधली आणि तिथेच ठेवली. भगवंताने ते पाहिलं आणि तो मोगऱ्याला पाणी द्यायला गेला.